क्लचला दोशाचा वास

चेन्नईत चढ नाही. देवाने तो मुलूख लाटण्याने लाटून ठेवला आहे. सपाट रस्त्यावर मेलेलं इंजिनसुद्धा चालतं. समुद्रावरून वारा सुटला तर नुसती चाकंही चालतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे तिथल्या गाडीची खरी तब्येत कळायची, तर ती उड्डाणपुलावर. मामींची मोपेड नेमकी उड्डाणपुलावरच बसली, आणि तिथून माझ्या भानगडीला सुरुवात झाली.

मामी म्हणजे माझ्या घरमालकीण. दोन हजार सालानंतरची ती पहिली-दुसरी वर्षं असतील. माझी कचेरी नुंगंबाक्कमला आणि खोली तिरुवल्लिकेणीत, मामींच्या माडीवर. त्याआधी मी तिथल्याच एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन म्हणजे एका खोलीत चार ब्रह्मचारी, पाच बादल्या आणि सहा बनियन, त्यातलं एक कुणाचं हे कधीच न कळणारं. मामींची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडची. बोलायच्या मराठीच, पण ते मराठी बखरीतून उठून आलेलं आणि वर तमिळचा सूर. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपण जेवलां काय?" आणि मी नकळत मुजऱ्याला वाकलो.

शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान आवडी या चेन्नईजवळच्या गावी एका कारखान्यात लेथवर होते. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. ते गेल्यानंतर मामींनी स्वतः मोपेड घेतली, स्वतः शिकल्या. रोज दुपारी साडेअकराला त्या डबा घेऊन नुंगंबाक्कमला जायच्या. तिथे त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. बाई भरवायला होती, पण मामींनी स्वतःच्या हाताने रसमभात भरवला नाही तर बहीण तोंड मिटून घ्यायची. बस बदलून जायचं तर मामींचे गुडघे ऐकत नव्हते आणि रिक्षावाल्यांशी त्यांचं भूगोलावरून भांडण व्हायचं. थोडक्यात, मोपेड होती म्हणून बहीण जेवत होती.

आता भानगड. खंडेनवमी झाली, म्हणजे तिकडची आयुधपूजा. मी त्या दोन दिवसांत आवडीला एका सहकाऱ्याच्या क्वार्टरवर श्रीखंड चेपायला गेलो होतो. परतलो तर मामी अंगणात मोपेडसमोर उभ्या.

"इंजिन ओरडतें, चाक ऐकत नाहीं," त्या म्हणाल्या. "पुलावर मध्यभागीं उभी राहिल्यें. मागें बस. पोलिसानें ढकलून वर नेलें. सार्‍या नगरानें पाहिलें."

"होतं असं, मामी."

"होतें खरें. पण पोराला कोणी तरी फोन केला. तो म्हणतो, अम्मा, दीपावळीला येतों, गाडी घेऊन जातों. बेंगळूरास येऊन राहा. पेरिअक्काला कोण जेवूं घालील, तें नाहीं विचारत." पेरिअक्का म्हणजे ती थोरली बहीण. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाड्यांतलें कांहीं ठाऊक आहे कां तुम्हांस?"

इथे एखादा सरळ माणूस 'नाही' म्हणाला असता. खरं तर मोपेडशी माझा संबंध इतकाच, की लहानपणी मामाने गाडी खोलली तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो, तीही उलटी. पण माझ्या जिभेला एक खोड आहे.

"मामी," मी म्हणालो, "आमच्या गावी क्लच जळाला एकदा, रानात. शिळी ज्वारीची भाकरी होती जवळ. तिचे दोन तुकडे कोरले, बसवले क्लचमध्ये, आणि बत्तीस मैल आलो. वाटेत दोन म्हशींना ओव्हरटेक केलं."

"भाकरी!"

"कोरडी हवी. तूप लावलेली चालत नाही."

हे शेवटचं वाक्य मी नुसतं ठसक्यासाठी टाकलं होतं. त्यात सगळं शहाणपण होतं, हे मला पुढे दोन आठवड्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. दिवाळीला अठरा दिवस होते. पहिल्यांदा गाडी स्टँडवर चढवून इंजिन चालू केलं. मागचं चाक झोकात फिरलं. खाली उतरवून मी बसलो, ॲक्सिलरेटर पिळला, तर इंजिनाने असा टाहो फोडला की समोरच्या गॅलरीतून तीन बायका डोकावल्या. आणि गाडी चालली गोगलगायीच्या वेगाने. पॅडल मारलं की थोडी पुढे सरके. मोपेडचं हे एक बरं असतं: इंजिनाने दगा दिला तरी ती सायकल असतेच. मी पॅडल मारत गल्लीच्या टोकाला गेलो. पाठीमागून पांढरा धूर, आणि वास कसला, तर चक्क दोशाचा. खमंग. मला भूक लागली. मी म्हटलं, तिरुवल्लिकेणीत काय, कोपऱ्याकोपऱ्यावर तवे आहेत. वास तर येणारच. आणि खरंच एका कोपऱ्यावर थांबून दोन दोसे खाऊन आलो.

पहिला संशय मी चेनवर घेतला. चेन सैल होती, आवळली. चालताना एक कटकट येत होती ती थांबली, त्यामुळे मला वाटलं मी जिंकलो. पुलावर नेली. निम्म्या चढावर इंजिन ओरडलं, गाडी थबकली, दोशाचा वास.

दुसरा संशय गिअरबॉक्सवर. खालचा स्क्रू काढून तेल एका डब्यात सोडलं. तेल काळं होतं पण पुरेपूर होतं, त्यात लोखंडाचा चुरा नाही. तरी नवं गिअर ऑइल भरलं. फरक शून्य. उलट आता गाडी चढावर जरा जास्तच सुरेल ओरडायला लागली.

मग मी हार मानून कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे गेलो. हा मेस्त्री साठीचा, हाडकुळा, दोन्ही नाकपुड्या तपकिरीने कायम बुजलेल्या. त्याच्याबद्दल असं सांगत, की शेजारचं दुकान जळालं तेव्हा वास न आल्यामुळे तो सकाळपर्यंत शांत झोपला होता. माझं तमिळ तेव्हा तीस शब्दांचं, त्यातले बारा खाण्याचे. पण गाडी बघताच तो हसला, आणि पुढचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत झालं.

"ही गाडी, सार? ही ऐप्पसी महिन्यात येणारच." ऐप्पसी म्हणजे त्यांचा दिवाळीच्या सुमाराचा महिना.

"म्हणजे?"

"दर वर्षी येते. आयुधपूजा झाली, पाऊस लागला, की येते. पावसाचं पाणी क्लचमध्ये जातं. आणि गिअरबॉक्सचं सील गळतं, तेल क्लचवर येतं. मी सील बदलतो, क्लच शू बदलतो. पुढच्या ऐप्पसीपर्यंत काळजी नाही."

"सील दर वर्षी कसं गळेल?"

"गाडी म्हातारी, सार. म्हाताऱ्याचं काय गळत नाही?" आणि तो तपकिरीची शिंक शिंकला, जणू मुद्दा सिद्ध करायला.

त्याने झाकण न काढताच निदान केलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला. दिवाळीपूर्वी त्याच्याकडे गाड्यांची रांग होती. सील मात्र दिलं. मी ते घरी, क्लचचं झाकण न उघडता, गिअरबॉक्सच्या बाजूने बसवलं. कसं बसवलं ते विचारू नका. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले शब्द मामींच्या बखरीतही नसतील. गाडी पुन्हा पुलावर. पुन्हा दोसा.

आता दिवाळीला तीन दिवस राहिले. मामी रोज दुपारी डबा घेऊन पायी निघायच्या, बसस्टॉपपर्यंत दोनदा थांबायच्या आणि चारला परत यायच्या, गुडघे धरून. एकदा मी चौकशी केली तर म्हणाल्या, "पेरिअक्का विचारते, गाडीस ज्वर आला कां? मीं म्हटलें, होय, वैद्य माडीवर राहतो." मला माझ्या भाकरीची लाज वाटली. फार नाही, पण वाटली.

मी कचेरीतून रजा घेतली. सकाळी अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून क्लचचं झाकण काढायला बसलो. ते दोनच स्क्रूंचं. पहिल्या स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालायला गेलो तर खाच लाल. मला वाटलं गंज. नखाने खरवडलं, तर कुंकू.

बाहेरून कुंकू असणं ठीक. आयुधपूजेला तिकडे सायकलपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला गंधकुंकू लागतं, चाकाखाली लिंबू चिरडतात, कारखान्यात तर लेथला हार घालतात. पण झाकण काढलं तर आतल्या बाजूला, जिथे कुणाचा हात जायचं कारण नाही, तिथे चंदनाचा एक वाळलेला ठिपका. अगदी मधोमध, मापात.

क्लच शू काढून हातात घेतले. क्लच म्हणजे तरी काय: आत फिरणारे हे दोन तुकडे. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फाकतात आणि भोवतालच्या ड्रमला घट्ट चिकटतात. त्या चिकटण्यावर चाक फिरतं. ते कोरडे असले तर चिकटणार. माझ्या हातातले तुळतुळीत, चकाकणारे. नाकाशी नेले. गिअर ऑइलचा वास नव्हता. तिळाचं तेल. जळालेलं, तव्यावरचं.

म्हणजे गेले दोन आठवडे दोसा दुकानात नव्हता. दोसा क्लचमध्ये भाजला जात होता.

मी मान वर केली. देवघराच्या फळीवर एक लांब चोचीची पितळी बुधली होती, शेजारी लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. त्याच्या मुठीवर कुंकू. मामी दारात उभ्या होत्या.

"सांपडलें?" त्यांनी विचारलं.

खोटं तयार होतं माझ्याकडे. "सील गळत होतं, मामी."

"सील तुम्हीं परवां बदललें. मग आज तेल कोठून आलें?"

भूगोलाच्या शिक्षिकेला नदीचा उगम सांगितल्याशिवाय सुटका नसते. मी सांगितलं. हे तुकडे कोरडेच लागतात, तेल गेलं की सरकतात, सरकून जळतात. मामी पायरीवर बसल्या.

"आयुधपूजेस मीं घालतें," त्या म्हणाल्या. "ते सांगत, जेथें लोखंड लोखंडास घांसतें, तेथें तेल. वर्षांतून एकदां, नवमीस, हातानें. कारखान्यांत तीस वर्षें त्यांनीं तसें केलें. घरीं त्यांची मोटरसायकल होती, तिलाही असेंच. ते गेल्यावर मीं या गाडीस करतें." मग हळू आवाजात, "त्यांस हें ठाऊक नव्हतें काय?"

प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मामींच्या अंगणात चुकीचा ठरत होता, आणि तोही माझ्यासारख्या उलटी बॅटरी धरणाऱ्याकडून.

"ठाऊक होतं की," मी छाती ठोकून म्हणालो. "मोटरसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो. त्यांच्या गाडीला तेल हवंच होतं. ही मोपेड त्यांनी पाहिलीच कुठे? हिची जात वेगळी. ही उपास करणारी आहे."

मोटरसायकलच्या क्लचबद्दल मला काडीचं ज्ञान नव्हतं. मी थाप मारली होती, भाकरीच्याच पिठाची.

"सेरी, बरें," म्हणत मामी उठल्या. "पेट्रोल आणूं कां पुसायला?"

क्लच शू पेट्रोलने तीनदा धुतले, ड्रम आतून पुसला, तुळतुळीत झालेला भाग पॉलिश पेपरने खरबरीत केला आणि उन्हात ठेवला. चेन्नईचं ऊन ते. मी शपथेवर सांगतो, तुकडे पापडासारखे जागेवर थोडे वर उचलले गेले. संध्याकाळच्या आत जोडणी झाली. मामींनी स्वतः दोन्ही स्क्रू आवळले.

दिवाळीला मुलगा आला. भला माणूस, घामाघूम, दोन सुटकेसा आणि स्वतःचं असं ऐंशी-नव्वद किलो वजन. मराठी त्याला समजायचं, पण बोलायला लागला की तमिळमध्ये घसरायचा.

"अम्मा, प्लीज. या वयात रस्त्यात बंद पडते, लोक ढकलतात. मला तिकडे झोप लागत नाही."

"बस मागें," मामी म्हणाल्या.

"काय?"

"पेरिअक्काचा डबा घेऊन जायचा आहे. तूं डबा धर. पुलावर एकदांही पॅडल मारावें लागलें, तर गाडी तुझी आणि मीही तुझी."

मी सायकल घेऊन मागोमाग गेलो. पुलाच्या पायथ्याशी मामींनी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिनाचा आवाज जड झाला, ओरडला नाही. मुलगा मागे डबा पोटाशी धरून, डोळे मिटून. गाडी हळू चढत होती, एका बसने त्यांना ओलांडलं, एका बैलगाडीनेही ओलांडलं असतं; पण मामींचे पाय पॅडलवर जागच्या जागी होते. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी मागे न बघता एक हात वर केला. मी अर्ध्या चढावर धापा टाकत उतरून सायकल ढकलत होतो.

बहिणीच्या घरी मुलाने विचारलं, "झालं तरी काय होतं गाडीला?"

मी तोंड उघडलं. मामींनी आधी उत्तर दिलं. "पावसाचें पाणी गेलें होतें. यांनीं भाकरी बसविली आंत. आतां पुसूं नकोस." बहीण अंथरुणावर हसली आणि भाताला तोंड उघडलं.

नंतर कधीतरी मेस्त्रीला मी सहज मोटरसायकलच्या क्लचचं विचारलं. "तेलातच असतो, सार. बहुतेकांचा," तो म्हणाला. माझ्या आयुष्यात मी मारलेली, आणि खरी निघालेली ती एकच थाप.

पुढच्या नवमीला मी घरीच होतो. मामींनी बुधली घेऊन चेनला तेल घातलं, स्टँडला घातलं, पॅडलला, कुलपाला, माझ्या खोलीच्या बिजागरीलाही. क्लचच्या झाकणाशी आल्यावर थांबल्या. बुधली खाली ठेवून बाहेरून चंदनाचा एक ठिपका लावला. स्क्रूड्रायव्हरलाही लावला आणि तो फळीवर ठेवून दिला.

चार दिवसांनी सकाळी मी दाढी करत होतो आणि खालून दोशाचा वास आला. तसाच खमंग, जळका. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी जिना उतरलो. मोपेड स्टँडवर उभी होती, गार. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पहिला करपला! दुसरा घालतें, बसा!"