औषधाची सवय

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला तेव्हा माझे यजमान तिथे कामाला लागले. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला एक आंबूस, बुरशीसारखा वास येई. सासूबाई तो सदरा चिमटीत धरून वेगळ्या बादलीत टाकत. आमच्या कुत्र्याला मात्र त्या वासाचं वेड होतं. कारखान्याचा भोंगा झाला की तो दाराशी जाऊन बसे, आणि ते आले की त्यांच्या बाहीत नाक खुपसून उभा राही.

एका सुट्टीच्या दिवशी मुंबई रस्त्यावर ट्रकनं त्यांच्या सायकलला उडवलं, तेव्हा कुत्रा बरोबर होता. ते गेले. कुत्रा मागचा पाय फरफटत घरी आला.

भेटायला येणाऱ्या बायका जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "होईल हळूहळू सवय." भोंगा झाला की कुत्रा तसाच खुरडत दाराशी जाई. "त्याला न्हाई कळत अजून," सासूबाई म्हणत आणि उठून त्याच्यासाठी कडी काढत. "त्यालाबी व्हईल सवय."

मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले. रिकाम्या वेळी पुस्तक उघडून बसे. पान उलटलं जात नसे. कुत्र्याच्या पायाची जखम काही भरेना. ती ओली दिसली की वाटे, तो दिवस अजून संपलेला नाही. आणि तो दिवस पाहिलेला घरात तेवढा एकच जीव होता. मला तो जगायला हवा होता.

टांग्यात घालून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. बैल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "बाई, ह्ये दूध किती देतं?" सगळे हसले. मलाही हसू आलं. फार दिवसांनी आलं.

डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या कुपीत पाणी सोडून ती हलवली, सुईतून एक थेंब उडवला. कुत्र्यानं नाक वर केलं. मग त्याची शेपूट हलू लागली.

"सुई बघून शेपूट हलवणारा हा पहिलाच पेशंट," डॉक्टर म्हणाले.

तो वास मलाही आला होता.

सूज उतरली. थोड्या दिवसांनी परत चढली. पुन्हा सुया झाल्या, आधीपेक्षा मोठ्या मात्रेच्या, आणि या वेळी ती अर्धीमुर्धीच उतरली. मग उतरेनाशीच झाली. पू मांडीपर्यंत गेला. पाय कापायची वेळही निघून गेली होती.

"आता या औषधानं गुण येणार नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "जे जंतू मेले ते मेले. उरले त्यांना औषधाची सवय झालीय."

त्या शब्दासरशी मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हटलं, "तरी एक कुपी काढा."

"उगाच कशाला टोचायचं आता त्याला?"

"टोचू नका. नुसती नाकाशी धरा."

ते थांबले. थेंबभर औषध कापसावर घेऊन त्यांनी कुत्र्याच्या नाकाशी धरलं. मान उचलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. पण शेपटीचं टोक फरशीवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. परसात, पेरूच्या झाडापाशी आम्ही दोघींनीच त्याला पुरलं.

संध्याकाळी भोंगा झाला. मी तांदूळ निवडत होते. सासूबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि दार उघडून उभ्या राहिल्या. बाहेरून कारखाना सुटल्याच्या सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. घंटा पुढे गेल्या, विरल्या. सासूबाई हलल्या नाहीत.

"लावून घेऊ का दार?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "भोंगा आत्ताच तर झालाय."