ओहोटीपुरता धरलेला हात

बातमी आली तेव्हा मी घरी पेज शिजवत होते. रात्रभर हॉस्पिटलात वन्संच्या उशाशी बसून सकाळी आंघोळीपुरती घरी आले होते आणि परत जाताना डब्यातून पेज न्यायची होती. फोन आमच्या ह्यांचा. एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत, त्या दिवशी नुसतं "सुलभा, ताई गेली" एवढंच म्हणाले. मी विचारलं, "जवळ कोण होतं?" ते म्हणाले, "मी औषध आणायला खाली गेलो होतो." गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही. करपल्याचा वास शेजारच्या खोलीत गेला तेव्हा शेजारीण धावत आली आणि तिनं गॅस बंद केला. मी तशीच ओल्या केसांनी उभी होते. याला आता दीड महिना झाला. वन्सं गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त आहे ती भीती, आणि ती कशाची हे मी अजून घरात कुणाला धड सांगितलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, प्रमिला. चाळीत सगळे पमाताई म्हणत. त्यांना वन्सं म्हणणारी मी एकटीच उरले होते. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, लग्न केलं नाही, लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत भावाबरोबर राहिल्या आणि मी लग्न होऊन आले तेव्हा नव्या नवरीचा ताबा सासूऐवजी त्यांनीच घेतला. सासरचे देवगडकडचे, मी साताऱ्याकडची. गिरणगावात हे दोन्ही प्रकार भिंतीला भिंत लावून राहतात आणि एकमेकांची टर उडवण्यात पिढ्या काढतात. माझ्यात टर उडवण्यासारखी एक गोष्ट तर आयतीच होती… मला समुद्राची भीती वाटते. माहेरी मी पाणी पाहिलं ते विहिरीचं. विहिरीला काठ असतो, पाणी आपल्या जागी असतं, आपण वाकलो तरच ते दिसतं. समुद्र आपणहून अंगावर येतो. वन्संना हे कळल्यावर त्या पोट धरून हसल्या आणि पुढच्याच रविवारी मला घेऊन शिवडीच्या किल्ल्यावर गेल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमचे रविवार असेच गेले. शिवडी, माहीमचा किल्ला, बाणगंगा आणि तिच्यामागचा खडकाळ किनारा, वरळीचा किल्ला. माणसं मुंबई बघायला येतात आणि गाडीतून उतरून फोटो काढतात, तसं वन्संचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की किल्ला बांधला पाण्यातून येणाऱ्या माणसाला धाक बसावा म्हणून, तर तो पाण्याकडूनच बघायला हवा. त्यामुळे बुरुजावर जेमतेम एक फेरी मारून त्या खाली खडकांवर उतरायच्या, साडी खोचून, चपला हातात घेऊन, कालवं चिकटलेल्या धारदार दगडांवरून बिनधास्त पुढे, आणि मग वळून किल्ल्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी मागे, त्यांचा पदर मुठीत धरून. "सुलू, भियातंस कित्याक गो? मिया आसंय ना," त्या म्हणायच्या. आणि त्या आहेत म्हटल्यावर मी जायची. भीती कमी व्हायची असं नाही, पण ती वाटून घेणारं कुणीतरी आहे असं वाटायचं. खरं तर त्या ती वाटूनही घेत नव्हत्या, कारण त्यांना भीतीच वाटत नव्हती.

त्यांचा सगळा भरवसा तिथीवर होता. कोकणातल्या लोकांना हे तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर भरती सहाला. रोज एक तिथी पुढे आणि भरती पाऊण तास पुढे. मोबाइलवर हल्ली सगळ्या वेळा मिळतात असं आमचे हे सांगायचे, तर वन्सं म्हणायच्या, "मोबाइलाक काय ठावूक? पाणी माका इचारून येता." भरती संपली की पाणी मागे सरकू लागतं आणि त्याच्या पाठोपाठ आपण खाली उतरायचं, ही त्यांची पद्धत. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीचे गणपतीचे दिवस. लालबागचे लोक त्या दिवसांत स्वतःच्याच गल्लीत उपरे होतात. दर्शनाच्या रांगा, बॅरिकेड, रात्रंदिवस ढोल, घरी यायचं तर ओळखपत्र दाखवून. एका सकाळी वन्सं वैतागल्या आणि म्हणाल्या, चल, वरळीला जाऊ. मी स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होते. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "सव्वाआठाक भरती. तोवर पोचूया." त्यांचा स्वतःचा उपासतापासांशी संबंध नव्हता. एकादशी कधी, हे त्यांना माझ्या पातेल्यावरून कळायचं.

कोळीवाड्यातून किल्ल्यात गेलो, मारुतीला हात जोडले आणि पलीकडून खाली उतरलो. पाऊस सरत आला होता, पण समुद्र अजून शांत झाला नव्हता, मातकट होता. सव्वाआठ होऊन गेले होते. वन्संनी पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, भरती झाली, आता उतरेल. तटाखालचे खडक आणि पुढचा मोठा कातळ यांच्यामध्ये एक घळ आहे, तिच्यात घोट्याएवढं पाणी होतं. ते ओलांडून आम्ही कातळावर गेलो. वन्सं वळून किल्ला बघायला लागल्या आणि मी घळीकडे बघत राहिले, कारण माझं लक्ष नेहमी परतीच्या वाटेकडे. पाणी उतरत नव्हतं. येताना ज्या दगडावर पाय ठेवला होता तो मी हेरून ठेवला होता आणि आता तो दिसेना. मी म्हटलं, "वन्सं, वाढतंय." त्या म्हणाल्या, "एखादी लाट येतेच गो." मग दुसरा दगड गेला. तटावर एक माणूस जाळं पसरत होता, तो ओरडला, "ओ मावशी, मागे या, अजून चढतंय!" वन्संनी त्याला हात हलवून 'उतरेल' अशी खूण केली. तो पुन्हा ओरडेपर्यंत घळीतलं पाणी मांडीएवढं झालं होतं आणि त्याला आत ओढणारी ताकद आली होती. मग तो म्हणाला, "आता येऊ नका, तिथंच थांबा. हलू नका!"

आम्ही कातळाच्या उंच भागावर सरकलो. तो उंच भाग म्हणजे दोन माणसं चिकटून उभी राहतील एवढाच. लाट आदळली की पाणी गुडघ्यापर्यंत यायचं आणि जाताना पायाखालून ओढायचं. मी दोन्ही मुठींत त्यांचा पदर धरून ठेवला होता. वन्सं मात्र अजून बोटांवर मोजत होत्या. एकदम त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुलू, आज एकादशीच ना?"

मी म्हटलं, "माझी आज. पंचांगातली काल झाली. आमच्याकडे भागवत एकादशी धरतात ना."

माझे वडील माळकरी होते. स्मार्तांची आणि भागवतांची एकादशी कधी कधी वेगळ्या दिवशी येते, आणि माहेरच्या रीतीने मी नेहमी दुसऱ्या दिवशीची धरत आले. एका घरात इतकी वर्षं राहून हे वन्संना माहीत नव्हतं, कारण तसं विचारायची वेळच आली नव्हती. त्यांचे ओठ हलले. "म्हणजे आज बारस…" त्या म्हणाल्या, "भरती नवाक." आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. पाणी अजून किती वेळ चढणार हे आता आम्हाला नेमकं कळलं होतं आणि कळून काही उपयोग नव्हता. वन्संनी माझा हात धरला. मला सावरायला नाही हो, स्वतःला आधार म्हणून… आणि त्या लाटेपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. पाणी कमरेला लागलं. एक लाट छातीवर आली, तेव्हा माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. त्यानंतरची लाट थोडी खाली आली, तिच्यानंतरची आणखी थोडी. तटावरचा माणूस तिथून हलला नव्हता. घळ उतरल्यावर त्यानेच आम्हाला एकेकीला हात देऊन अलीकडे घेतलं आणि कुणाला शिव्या द्याव्यात हे न कळल्यासारखा नुसता मान हलवत राहिला.

त्यानंतर वन्सं समुद्रावर गेल्या नाहीत. आमचे रविवार दादरच्या भाजी मंडईपर्यंत येऊन थांबले. चाळीत पहाटे पाणी येतं, पिंप भरायला लावलं की पाण्याचा आवाज चढत जातो, तर तो चढू लागला की वन्सं अंथरुणावर उठून बसायच्या आणि नळ बंद होईपर्यंत बसून राहायच्या. तिथी मात्र त्या आधीपेक्षा जास्त बघू लागल्या. पंचांगात बघायच्या, मग मला विचारायच्या, मग देवळातल्या फळ्यावर वाचून यायच्या. हे त्यांची चेष्टा करायचे. मला हसू यायचं नाही. घरात एक तरी न भिणारं माणूस लागतं. ते होतं तोवर माझी भीती म्हणजे एक गंमत होती, चारचौघांत सांगायची. आता आम्ही दोघीही भित्र्या झालो होतो आणि आधाराला कुणी उरलं नव्हतं.

यंदा त्यांचं हृदय थकलं. परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी साठतंय. दुसरा कुठला शब्द वापरला असता तर बरं झालं असतं. वन्संनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "ओहोटी कधी लागतली गो?" त्यांच्या गावाकडे अशी समजूत आहे की माणसाचा प्राण ओहोटीबरोबर जातो, पाणी चढत असताना कुणी जात नाही. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून काय ते स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना वाचवणं माझ्या हातात नव्हतं. एवढंच हातात होतं की त्यांनी भिऊन जाऊ नये.

मग आमचा एक रिवाजच पडला. मी तिथीची पाऊणपट करून सांगायची. "पंचांगातली सांग हां," त्या म्हणायच्या, "तुझी नको." ऑक्सिजनच्या मास्कमधूनही थोडं हसायच्या. ओहोटी लागली की मी त्यांचा हात धरून बसायची. दिवसाची ओहोटी, रात्रीची ओहोटी. त्या डोळे मिटायच्या नाहीत, छताकडे बघत राहायच्या, बोटं माझ्या बोटांत घट्ट. पाणी फिरायची वेळ झाली की विचारायच्या, "गेली?" मी म्हणायची, "गेली." मग त्यांचा हात सैल पडायचा आणि त्यांना झोप लागायची. भरतीची वेळ आमची सुट्टीची. तेव्हा त्या झोपायच्या आणि मी चहा प्यायची, घरी जाऊन आंघोळ करून यायची. माझा या समजुतीवर विश्वास होता का? आधी नव्हता. पण इतक्या ओहोट्या एकमेकींचा हात धरून काढल्यावर बसला.

त्या दिवशी रात्रीची ओहोटी पहाटे संपली. मी पंचांगात पाहिलं होतं आणि मोबाइलवरसुद्धा पाहिलं होतं. "गेली?" त्यांनी विचारलं. मी "गेली" म्हटलं. त्या म्हणाल्या, "जा आता. भरती लागली. न्हावन ये." मी निर्धास्त निघाले.

मी परत पोचले तेव्हा भरती अजून चढतच होती आणि त्यांच्या अंगावर चादर नीट घातलेली होती. मी नर्सला विचारलं, त्या जाग्या होत्या का? ती म्हणाली, "झोपेतच गेल्या असतील, आवाज नाही काही." 'असतील' म्हणाली. मग चार्टवर लिहिता लिहिता सहज म्हणाली, "हात तेवढा खाटेबाहेर होता, मीच आत घेतला." त्या पोरीला काय माहीत. हे दारात उभे राहून रडत होते आणि मला रडू येत नव्हतं. मी फक्त त्या हाताकडे बघत होते. झोपेत हात असाच बाहेर पडतो, सगळ्यांचाच पडतो, असं मी स्वतःला सांगत होते. अजून सांगते.

वन्संची खाट घरात अजून तशीच आहे. ओहोटीची मला आता भीती वाटत नाही, ओहोटीत मी बाजार करते, झोपते, टीव्ही बघते. पण पाणी चढायला लागलं की मला घराबाहेर पडवत नाही. कुणी बोलावलं तर काहीतरी कारण सांगते. वन्संच्या खाटेशी स्टूल ओढून बसते आणि हात गादीवर ठेवते, कडेला, तळवा वर करून. हे दोनदा दारातून डोकावतात, काय करतेस विचारतात. मी म्हणते, काही नाही, बसलेय. आणि भरती पुरी होईपर्यंत हात काढत नाही.