अंगठ्याआधी

सौंसरच्या एका सरकारी कचेरीत गुणवंता कामडे कारकून होते. साहेबाच्या बुटांचा आवाज आला तरी त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा. छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि कचेरीचे सगळे कागद हिंदीत होऊ लागले. ज्याला हिंदी जमणार नाही त्याला घरी बसवतील, अशी कुजबुज होती. पदरात दोन मुली. गुणवंता सकाळी चुलीपाशी बसून 'दही खट्टा की खट्टी' घोकायचे.

शेजारच्या टेबलावरच्या रघुनाथरावांनी सरळ नागपूरला बदली मागून घेतली. "मी नाई घोकत," म्हणाले, आणि गेले.

डिसेंबरात रामाकोना गावची मनकर्णा नावाची विधवा बयान द्यायला आली. सोबत दीर होता. जबलपूरकडून आलेले नवे साहेब ऐकून हिंदीत सांगत होते, गुणवंता लिहीत होते.

"वावर दिराले वाहाले देल्लं," मनकर्णा म्हणाली.

"लिखिए, खेत देवर को दे दिया."

वाहायला देणं म्हणजे कसायला देणं. साहेबांना तो शब्द ठाऊक नव्हता. गुणवंतांना होता, तरी त्यांनी 'दे दिया' लिहिलं. साहेबांना टोकायचं कसं? दिराने बाईचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला.

"बाई, थांबा!"

गुणवंतांना आपलाच आवाज ओळखू आला नाही. त्यांनी कागद उचलला आणि लिहिलेलं तिला तिच्या बोलीत वाचून दाखवलं.

मनकर्णाने हात मागे ओढला. "मी कवा देऊन टाकलं? वाहाले देल्लं म्हनलं मी!"

दीर ओरडू लागला. साहेब उठले. गुणवंतांकडे बघून एवढंच म्हणाले, "कल सुबह मिलिए."

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "चोरी केली का तुमी?"

"साहेबाले अडवलं वं. नोकरी गेली समज."

सकाळी साहेबांनी स्वतः नव्याने लिहिलेलं बयान टेबलावर होतं: 'खेत देवर को जोतने के लिए दिया'.

"लिखते समय क्यों नहीं टोका?" साहेबांनी विचारलं.

"डर गया था, साहब."

साहेबांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "अब से अंगूठे से पहले हर बयान आप पढ़कर सुनाएँगे."

नोकरी वाचली, पण भीती वाढली. आता एक शब्द चुकला तर कुणाचं तरी वावर जाणार होतं. मोहगाव, पांढुर्ण्याकडचे लोक 'कामडेबाबू वाचतीन तं अंगठा देतो' म्हणायचे, आणि कामडेबाबू प्रत्येक वेळी आधी पाणी प्यायचे.

काही वर्षांनी रघुनाथराव सौंसरला आले. नागपूरलाही त्यांचं साहेबाशी भांडण चालूच होतं. कागद उचलण्याआधी गुणवंतांना पाण्याचा पेला रिकामा करताना पाहून ते हसले. "अजून भेऊन राहिला का तू?"

"हाव," गुणवंता म्हणाले, आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी जवळ बोलावलं. त्याचं बयान वाचायचं होतं.