जुनी सिस्टीम पुसली आणि गाणी मुकी झाली

आमच्या परळच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. एक जुनी सिस्टीम, एक नवी. कुठे शिरायचं ते आपण सांगायचं. मी आपली जुनीतच शिरायची. तिच्यावरच टायपिंग शिकले ना मी, कुणी न शिकवता, चाळीतल्या लग्नपत्रिका आणि जयंतीची हँडबिलं करता करता. नवी सिस्टीम लेकीने बसवून दिलेली, विजेचं बिल भरायला.

आमचे हे गायन पार्टीत गायचे. गाणी स्वतः रचायचे, पण कागदावर उतरवतील तर शपथ! खाटेवर बसून म्हणायचे आणि मी टाइप करायची. ते गेले त्याला वर्ष होत आलं. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला दुसरं काही नको, त्यांचीच गाणी म्हणायची, असं पार्टीने ठरवलं. जुन्या प्रिंटा हातोहात फिरून कधीच फाटल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मी देते ना काढून."

आणि कार्यक्रम उद्यावर आला तेव्हा कळलं, नवा प्रिंटर जुन्या सिस्टीमला ओळखतच नाही. नवीतून काढावं तर ती म्हणते जागा नाही. अर्धी डिस्क जुनीने अडवलेली. लेक दादरहून आली, बघितलं आणि म्हणाली, "आई, हिला आता काढूया."

"तुझ्या पप्पांची गाणी आहेत तिच्यात."

"मग गाणी आधी पेनड्राइव्हवर घेऊ, मग पुसू. एवढं काय?"

घेतली. एकेक नाव मी बोट लावून बघितलं, सगळी होती. पण उघडून बघायचं काही मला सुचलं नाही आणि तिलाही नाही. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं का? लेकीने माझ्याकडे बघितलं.  मी म्हटलं, "दाब."

हिरवी पट्टी सरकत सरकत पलीकडे पोचली. झालं. मग नवीत पहिलं गाणं उघडलं, बघते तर काय? मराठी नाहीच! नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच टिंबं, मध्येच रिकामे चौकोन.

भांडीकुंडी सगळी हलवली आणि चूल जुन्या खोलीतच राहिली, तशी गत. गाणी आली, फॉण्ट तिकडेच गेला. तो फणसवाडीतल्या एका छापखानेवाल्याने स्वतः बनवलेला, मला हौसेने दिलेला. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

लेकीने नेटवरून दोन-तीन फॉण्ट उतरवून लावले. अक्षरं मराठी झाली, पण शब्द एक लागेना. तिचे डोळे भरले. "आई, मी पप्पांची गाणी घालवली गं."

"गप. रडतेस काय? उद्या माणसं येणारेत." मी म्हटलं.

मी पडद्याकडे बघत बसले. आर, एफ आणि अर्धविराम. पुन्हा आर, एफ आणि अर्धविराम. सवयीने बोटं कीबोर्डवर गेली, त्याच कळांवर पडली, आणि डोक्यात आपोआप आलं: माय. अगं, ही तर मीच दाबलेली बटणं! आर दाबलं की म यायचा, एफचा काना, अर्धविरामाचा य. डोळ्यांना कळेना ते बोटांना पाठ होतं.

"तू अक्षरं वाच," मी लेकीला म्हटलं, "आणि मी सांगते ते मोबाइलवर मराठीत लिही."

ती वाचायची, माझी बोटं कळा चाचपायची, तोंडातून शब्द निघायचा. रिकामे चौकोन म्हणजे जोडाक्षरं. ती मी ऑल्टचं बटण धरून आकडे दाबून काढायची, पण चौकोन सगळे सारखेच, कुठे कुठला आकडा दाबला होता ते कसं कळणार? तिथे मी ह्यांची चाल धरायची. चालीत ओळ म्हटली की शब्द स्वतःच येऊन बसायचा. "आई, बेसूर," लेक म्हणाली, नाक पुसत. "बापावर गेलीस," मी म्हटलं.

शेवटचं गाणं तेवढं अडलं. ते ह्यांनी आजारपणात, मी बाजारात गेले असताना, एका बोटाने स्वतःच टाइप केलेलं. माझ्या तक्त्यातले आकडे बघून बघून दाबले असणार. मला त्यांनी ते कधी म्हणून दाखवलं नाही. त्याला चालच नाही. शेवटच्या ओळीत एका शब्दाच्या जागी नुसता चौकोन होता. आम्ही मायलेकींनी किती शब्द घालून बघितले! बसायचे सगळे, पण ते त्यांचे कशावरून?

मी तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पार्टीतल्या बुवांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "वहिनी, इथे काय म्हणायचं?"

"काही नाही. तिथे ढोलकी वाजू द्या."

बुवांनी त्या गाण्याला चाल लावली. शेवटच्या ओळीला सगळे थांबले आणि ढोलकीवर एकच थाप पडली. लेकीने माझा हात घट्ट धरला. मग पुढचा शब्द सगळ्यांनी मिळून उचलला.