विबिदियाबाईंनी विणलेला टोगा

विबिदियाबाईंच्या दर्शनी चौकात माग मांडलेला असे. रोममधल्या कुठल्या बड्या घरात नसतो? सकाळी साहेबांच्या मुजऱ्याला माणसं आली, की बाई मागापुढे बसत. माणसं ‘केवढी घरंदाज बाई’ म्हणत बाहेर पडली, की बाई उठत आणि आम्ही दासी बसत असू. माझ्याकडे लोकर विंचरण्याचं काम होतं. घरादाराचा कारभार, मळ्यावरच्या माणसांची भांडणं, साहेबांची अडलेली कामं, सगळं बाईंच्या हातात. विणता मात्र त्यांना काडीचं येत नव्हतं.

मग ओप्सियससाहेब निवडणुकीला उभे राहिले आणि शहराच्या भर चौकात बोलून आले की, मतं मागायला येईन तो बायकोनं स्वतः विणलेला टोगा अंगाभोवती गुंडाळूनच.

सासूबाईंनी सुनेला बोलावून घेतलं. “सूनबाई, हा पडला तर खापर कुणावर फुटणार, हे मी सांगायला नको. तुम्ही माहेरी जाल. ओप्सिया इथंच राहील.”

ओप्सिया म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. नवऱ्यानं बायको घालवली तरी मुलं बापाचीच. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही म्हटलं, बाईसाहेब, आम्ही विणतो, कुणाला कळणार आहे? बाई म्हणाल्या, घरात इतकी तोंडं आहेत, एक तरी उघडेलच. आणि हिवाळाभर स्वतः विणत बसल्या.

टोगा तयार झाला. एका बाजूला घोंगडी, दुसऱ्या बाजूला चाळण. उमेदवाराचा टोगा उजळ दिसावा म्हणून धोब्यानं खडू चोळला, तो गाठीगाठीत अडकून बसला.

साहेबांनी तो हातात धरून पाहिला. “हे काय आहे?”

“तुम्ही चौकात बोललात ते.”

घातला बिचाऱ्यांनी. चौकात विरोधी उमेदवाराची आई, नुमिसियाबाई, पुढे आली. तिनं टोग्याचं टोक चिमटीत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आमच्याकडे दासीनं असं विणलं असतं, तर चामडी लोळवली असती.”

माणसं जरा वेळ विचारात पडली. मग एकेक जण तिच्या मुलाच्या टोग्याकडे बघू लागला. त्यात एक गाठ सापडेना.

ओप्सियससाहेब निवडून आले.

बाईंच्या नावाचा गवगवा झाला. आठवड्याच्या आत एका जुन्या, मानी घराण्यातून ओप्सियाला मागणी आली: अशा आईची मुलगी डोळे मिटून करावी. साहेबांनी जेवता जेवता होकार देऊन टाकला. मुलगी बारावं गाठत होती. बाई म्हणाल्या, अजून लहान आहे. साहेब म्हणाले, हे स्थळ तुमच्याच पुण्याईनं आलंय. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा ऑलिव्हची वाटी सुनेपुढे सरकवली.

लग्नातला झगा नवरीनं आपल्या हातानं विणायचा असतो. त्याशिवाय लग्न नाही. ओप्सिया मागावर बसली, बाई शेजारी. पोरीचा हात मुळातच चांगला होता. तरी बाई सारख्या म्हणायच्या, उसव. ती उसवायची.

उन्हाळा सरला. वरपक्षाचा निरोप येऊन गेला, तशा सासूबाई मागापाशी आल्या. “अजून कंबरेपर्यंतही नाही?”

“मला शिकवणारं कुणी नव्हतं, आई,” बाई म्हणाल्या. “हिचं नीट होऊ दे.”

आणि ओप्सियाकडे वळून म्हणाल्या, “उसव.”