चौथी सुपारी

प्रागला निघालो म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, "वा, मजा आहे बाई तुमची!" तिचं काही चुकलं नाही. बहारीनमधून ईदच्या सुट्टीत लोक प्रागला जातात ते मजा करायलाच. जुने पूल, लाल कौलं, दगडी गल्ल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर फोटो. व्हिसाच्या फॉर्मवर मीही 'पर्यटन' असंच लिहिलं होतं. नवरा जिथे गेला ते गाव सासूला दाखवायला नेतेय, हे लिहायला त्यात रकाना नव्हता.

तो ऑफिसच्या कामाला म्हणून गेला होता. काम संपायच्या आदल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत हार्ट अटॅक आला. ओळख पटवली ती त्याच्याबरोबर गेलेल्या एका सहकाऱ्याने. पेटी मुंबईत उतरली, तिथून संगमेश्वरला गेली, आणि घरी न आणता थेट स्मशानात नेली. बायकांनी बघू नये, त्यांना सोसणार नाही, असं भाऊबंदांनी परस्पर ठरवलं होतं. बायकांना काय सोसतं हे आमच्याकडच्या पुरुषांना फार झटकन कळतं. मी तेव्हा भांडायला हवं होतं, पण त्या दिवशी माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. तर त्याचं तोंड त्याच्या आईने पाहिलं नाही, मी पाहिलं नाही आणि आमच्या मुलीनेही पाहिलं नाही.

नंतर मी सासूबाईंना बहारीनला, बुसैतीनमधल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. बाई सगळ्या बाबतीत खणखणीत. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या वाण्याशी हिंदीत वाद घालून कोथिंबीर बदलून आणायच्या, त्याच्याकडूनच 'खलास' आणि 'मफी', म्हणजे 'संपलं' आणि 'नाही', एवढं अरबीही शिकल्या. फक्त रोज संध्याकाळी ताटं चार घ्यायच्या. चौथं ताट वाढून झाकून ठेवायच्या. सकाळी त्यातलं अन्न माझ्या डब्यात भरायच्या, कारण अन्न टाकणं त्यांना जमत नाही. वर्षभर सीफ भागातल्या माझ्या बँकेत बसून मी नवऱ्याच्या वाटचं जेवत होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. मनाम्यात गुरुजी मिळतात, मी बोलूनही ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "तोंड बघितल्याशिवाय श्राद्ध कसलं करतेस गो? आणि तो तिथे प्रागलाच कुठे असला तर?"

"आई, तो तिथे नाही."

"तू बघितलंस?"

माझी देवाधर्मावर फारशी श्रद्धा नाही. पण मला ते श्राद्ध हवं होतं. संपलं, असं कुणीतरी मंत्र म्हणून का होईना, मोठ्याने म्हणायला हवं होतं. नाहीतर ते चौथं ताट माझ्या मुलीच्या लग्नातही मांडलं गेलं असतं. म्हणून ठरवलं, यांना नेऊन दाखवायचं. तिथे कुणी नाही हे डोळ्यांनी बघतील आणि परत येऊन हो म्हणतील. सासूबाई लगेच तयार झाल्या. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

निघायच्या वेळी टॅक्सी खाली उभी आणि या दारात थांबल्या. "तिघींनी निघू नये," म्हणून परत आत गेल्या आणि देवांपुढची एक सुपारी घेऊन आल्या. तिघंजणं प्रवासाला निघाली की सोबत सुपारी नाहीतर खडा घ्यायचा, म्हणजे चार होतात, ही आमच्याकडची जुनी रीत.

"सीरियसली, आजी?" मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

"घ्या आई ती सुपारी आणि चला, यल्ला," मी म्हटलं. "विमान काही तिच्यासाठी थांबणार नाही."

मी मुद्दाम तेच हॉटेल घेतलं होतं. काउंटरवरची मुलगी नवीन होती, तिला मागच्या वर्षीचं काही माहीत नव्हतं. ती छान हसली आणि शहराचा नकाशा दिला. सासूबाई लॉबीत लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसल्या. लिफ्टचं दार उघडलं की मान वर करायच्या, आतली माणसं बाहेर आली की खाली घालायच्या. मी नकाशा बघत असल्याचं दाखवत होते, पण दार उघडल्याचा आवाज आला की मीही बघत होते.

गाव सुंदर आहे. त्याचा मला संताप आला. पिवळ्या, गुलाबी भिंती, खिडक्यांत फुलं, तासातासाला घंटा. जिथे माझा माणूस एकटा गेला, ते गाव इतकं नटलेलं असायला नको होतं. फोनवर तो म्हणायचा, आईला एकदा इथे आणायचं, तिला पूल आवडेल. त्या पुलावर आम्ही पहिल्याच दुपारी गेलो. सासूबाईंनी लुगड्यावर नातीचं जाकीट घातलं होतं, पायांत तिचेच जुने बूट. मधोमध थांबून त्यांनी पर्समधून सुपारी काढली, हात जोडले आणि नदीत सोडून दिली.

"अहो आई, हे काय केलंत?"

"पोचवलंन हो आपल्याला. झालं तिचं काम."

"आणि परत जाताना?"

त्यांनी माझ्याकडे, मी किती खुळी आहे अशा नजरेने पाहिलं. "परत जाताना आपण चौघं असू ना गो."

तो इथे नाही हे दाखवायला मी त्यांना आणलं होतं. त्या मात्र त्याला न्यायला आल्या होत्या.

त्यानंतर मला गाव वेगळंच दिसायला लागलं. ट्राममध्ये, चौकातल्या गर्दीत, चर्चच्या मागच्या बाकांवर पाठमोरी माणसं दिसायची आणि माझी नजर त्यांच्या मानेवर जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ल्याकडच्या चढावर राखाडी जाकिटातला एक माणूस पुढे चालला होता. हात मागे बांधलेले, डावा खांदा किंचित उतरलेला. दोन पावलं टाकून दुकानाच्या काचेशी थांबायचा, अगदी त्याच्यासारखा, घ्यायचं काहीच नसताना. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघी चालू लागलो, मग पळू लागलो. मी बँकेत हिशेब तपासणारी बाई, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी, त्या दगडी रस्त्यावर मुलीला मागे सोडून एका अनोळखी पाठीमागे पळत होते. तो गल्लीत वळला. आम्ही वळलो तर गल्ली रिकामी. बंद दारं, आणि एक दिवा नुकताच लागलेला.

मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून मुलगी आली. धापा टाकत होती.

"इट्स नॉट हिम, मम्मा," ती म्हणाली. "आय चेक्ड."

ती दुसऱ्या रस्त्याने धावत जाऊन त्या माणसाला समोरून बघून आली होती. मग आजीकडे वळून मराठीत म्हणाली, "आजी, ते बाबा नाहीत. मी कालपासून सगळ्यांना बघतेय."

मला वाटत होतं, ती दोन दिवस फोटो काढते आहे.

सासूबाईंनी तिचा घाम पदराने पुसला.

शेवटच्या सकाळी टॅक्सीत सामान चढलं. सासूबाई हॉटेलच्या दारात उभ्या राहिल्या, तोंड लिफ्टकडे. या आता हलल्याच नाहीत तर काय करायचं? लिफ्ट उघडली. एक म्हातारं जोडपं बॅगा ओढत बाहेर आलं आणि दार बंद झालं. सासूबाई आणखी जरा थांबल्या.

मग वळल्या आणि पायरी उतरल्या. समोर फुटपाथची दुरुस्ती चालली होती, खडीचा छोटा ढीग होता. गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या, एक खडा उचलला, पदराला पुसून पर्समध्ये टाकला.

"चला," म्हणाल्या. "तिघींनी निघू नये."

आपण तिघीच आहोत, हेच वर्षभर त्यांच्या तोंडून मला हवं होतं. मी मात्र तिथेच पायरीवर बसले आणि हमसाहमशी रडले. मला त्यांना थांबवायचं होतं. आई, अजून एकदा लिफ्ट बघू, असं म्हणायचं होतं. त्यांनीच मला दंडाला धरून उठवलं.

त्या संध्याकाळी बुसैतीनला त्यांनी तीन ताटं घेतली आणि म्हणाल्या, गुरुजींना फोन कर. मी केला. दुसऱ्या दिवशी दुपारी सीफला डबा उघडला, तर वर्षभरात पहिल्यांदा त्यात ताज्या पोळ्या होत्या. मला त्या खाववल्या नाहीत.