लॅपटॉपवरचा रुमाल

मुलांनो, हे आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. काल तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, तो डबा आता फेकून दे, मी नवा पाठवतोय," म्हणाला. नवा आला की या जुन्या लॅपटॉपची हकिकत कोणी विचारणार नाही, आणि मोठेपणी तुम्ही दोघं एवढंच सांगाल की आमची आजी बोलता बोलता मधेच निघून जायची. मी निघून जात नव्हते. मी इथेच परतूरला, टेबलासमोर, काळ्या पडद्याकडे बघत बसलेली असायचे. ते कसं झालं आणि त्यात चूक कोणाची, हे लिहून ठेवते. चूक कोणाची हा भाग लिहायचं माझ्या जिवावर आलं आहे, पण तोही लिहीन.

रविवारी सकाळी आठ वाजता आपला मराठीचा धडा. तिकडे तुमची शनिवारची संध्याकाळ. त्याआधी तुमचं पोहणं असतं, म्हणून वेळ मागे घेता येत नाही. आणि इकडे नेमकी आठलाच लाईट जाते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर दोन पंखे आणि तीन दिवे. टेबलाजवळचं सॉकेट त्यावर घ्यायचं तर नुकतीच रंगवलेली भिंत फोडावी लागते, आणि तुमचे आजोबा त्या भिंतीला हात लावू देत नाहीत. फोनवर धडा घेऊन पाहिला. त्यात तुमचे चेहरे हरभऱ्याएवढे दिसतात, आणि मला पडद्यावर मोठ्या अक्षरात गोष्ट लावून शब्दाशब्दाखाली बाण फिरवायचा असतो. धाकटी त्याशिवाय ओळ चुकते. तेव्हा लॅपटॉपच हवा, आणि तोही बॅटरीवर, निदान चाळीस मिनिटं; इंटरनेट फोनवरून मिळतं.

बाबाने चार वर्षांपूर्वी दिला तेव्हा तो तीन तास चालायचा. या उन्हाळ्यात वीस मिनिटांवर आला.

गोष्ट होती आमच्या म्हशीची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ती दावं तोडून एकटीच बाजाराच्या दिशेने निघाली आणि रेल्वेच्या फाटकापाशी अडली. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला कापसाच्या गाड्या, मधे मालगाडी. पहिल्या रविवारी धाकटीने "म्हैस फाटकापाशी उभी राहिली" इथपर्यंत वाचलं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या रविवारी पुन्हा तिथेच. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम भराभर वाचून घेतलं, तरी फाटक उघडायच्या आत पडदा गेला. चौथ्या रविवारी पडद्यावर एकटा तुमचा बाबा.

"आई, ती नको म्हणतेय. आजी मधेच जाते म्हणते. असं करू, नुसता फोन करत जाऊ. पाच मिनिटं, कशी आहेस, काय जेवलीस..."

मी काय जेवले हे कळून माझी नात मराठी वाचायला शिकणार नव्हती. थोरल्या नातवाचं तसंच झालं. तो हल्ली दारातून हात हलवतो आणि जातो. त्याला वाचता येत नाही याची आता त्याला लाज वाटते, म्हणून तो बसतच नाही. (रागावू नकोस, खरं तेच लिहिते आहे.) धाकटीचंही तेच होणार, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

"मला दोन रविवार दे," मी म्हणाले.

आजोबांना विचारायची मी चूक केली. त्यांनी सगळा जन्म पंपाची मोटर आणि ट्रॅक्टर सांभाळला आहे.

"अगं, बॅटरी म्हणजे बॅटरी. कायम भरून ठिवायची. बिलकुल उतरू द्यायची न्हाई."

"ठेवतेच आहे की भरून! चोवीस तास वायर लावलेली असते."

"मंग पाणी टाकावं लागत आसंल."

"लॅपटॉपमध्ये?"

"मी इचारून राह्यलो फक्त. तू विंग्रजी शिकलेली, तुला ठाऊक."

शेवटी मी तो पिशवीत घालून सकाळच्या गाडीने जालन्याला गेले. तिथे बसस्थानकाजवळ दुरुस्तीचं दुकान चालवणारा गृहस्थ माझा आठवीचा विद्यार्थी निघाला. आता केस पिकलेत, चष्मा कपाळावर. मला पाहून उठून उभा राहिला, आणि पिशवीतून लॅपटॉप काढला तसा हसायला लागला. लॅपटॉप माझ्या रुमालात होता. मी स्वतः विणलेला, क्रोशाचा, चारी कोपऱ्यांना फुलं. आपल्या घरी टीव्हीवर आहे, मिक्सरवर आहे, तसाच हा.

"बाई, हा घरी बी झाकलेलाच आसतो का?"

"धूळ बसते. वापर नसला की झाकते."

"आन् चार्जिंगला लावलेला आसतो तव्हा?"

"तेव्हाही. चोवीस तास लावलेलाच असतो."

"खाली काय आसतं?"

मी रुमाल पिशवीत घालत सांगितलं, "घडी घातलेली गोधडी. चरे पडू नयेत म्हणून."

त्याने मागचे स्क्रू काढले आणि चिमट्याने एक एक गोष्ट बाहेर काढून माझ्यासमोर कागदावर ठेवली. पांढऱ्या दोऱ्याची कुसं, गोधडीचा निळा कापूस, एक वाळलेली मुंगी. हवा यायची जाळी पूर्ण बुजली होती.

"वरून रुमाल, खालून गोधडी, आन् चार वर्षं शंभर टक्के चार्जिंग. बाई, आपल्याकडच्या मे महिन्यात तुम्ही याला थंडीतल्या लेकरासारखं निजवलंत. उष्णतेनं बॅटरीचा जीव गेला. सोबत पुस्तिका आलती न्हाई का?"

आली होती. प्लास्टिकच्या फाईलमध्ये, वर विषय लिहून, कपाटात तिसऱ्या कप्प्यात आहे. एकही पान उलटलेलं नाही.

"तुम्ही आम्हाला प्रत्येक पेपरला सांगायच्या," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "आधी वरच्या सूचना वाचा."

त्या क्षणी त्याला आठवीत जे गुण दिले होते त्यातले पाच कापावेत असं वाटलं. नवी बॅटरी मागितली तर म्हणाला, या मॉडेलची कंपनीची बॅटरी मिळत नाही, आणि "डुप्लिकेट मी तुमच्या मशीनमधी बसवणार न्हाई." जाळी साफ करून दिली, आणि उरलेल्या बॅटरीतून जास्त वेळ कसा काढायचा ते सांगितलं. मी ते लिहून घेतलं. चार्जिंग ऐंशीवर आलं की वायर काढायची. विसाच्या खाली उगाच जाऊ द्यायचं नाही. पडद्याचा उजेड निम्मा. चालू करताच जे पाच-सहा प्रोग्राम न विचारता उघडतात ते कायमचे बंद. खाली लाकडी पाट, वर काही नाही.

घरी येऊन सगळं केलं. शनिवारी मोजलं तर अठ्ठावीस मिनिटं भरली. बारा कमी, म्हणून पहिला रविवार मी सोडून दिला. रोज ऐंशीला वायर काढावी आणि तासाभराने बघावं तर पुन्हा शंभर! भूत लागल्यासारखं. सोमवारी काढली, शंभर. मंगळवारी काढली, शंभर. बुधवारी मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले, तेव्हा तुमचे आजोबा पाय न वाजवता आले आणि त्यांनी वायर खोचली.

"अहो!"

"अपुरी राह्यली व्हती. लेकराच्या धड्याला अर्ध्या पोटी कशाला न्यायचं?"

"ऐंशीच ठेवायची असते, किती वेळा सांगू?"

"त्या पोराला काय कळतं? आठवीत विंग्रजीत नापास व्हता, तूच सांगितलं व्हतंस."

मी त्या सॉकेटच्या बटणावर चिकटपट्टी लावली. त्यावर लिहिलं, 'हात लावू नये'. ते वाचून आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात एक वाक्य सापडलं. कॅमेरा बॅटरी खातो. कॅमेरा बंद करून पाहिला, आणि लॅपटॉप त्रेचाळीस मिनिटं चालला.

म्हणजे धडा पुरा करायचा तर मी दिसायचं नाही. यावर मला किती चीड आली ते लिहीत नाही. तुमचे चेहरे बघायला तर मी आठवडाभर थांबते, आणि तुम्ही माझा बघावा असंही वाटतंच. बाबाला सांगितलं, तुमचाही कॅमेरा बंद ठेवा, तेवढीच बचत.

रविवारी आठला लाईट गेली. पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला. धाकटी बसली होती, बहुतेक बाबाने बसवलेली. तुमच्या पडद्यावर फक्त म्हशीची गोष्ट आणि माझा बाण.

दोन ओळी वाचून ती थांबली. "आजी, गेलीस?"

"इथेच आहे. वाच."

पुन्हा दोन ओळी. "आजी, आहेस?"

"आहे गं."

"मी बी हाय," मागून आजोबा. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की ते दर रविवारी माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसतात.

"तू बोलू नकोस आजी," धाकटी म्हणाली. "नुसता बाण हलव. हलला की कळतं मला."

मग मी बाण हलवत राहिले. मालगाडी गेली. फाटक वर झालं. गाड्या निघाल्या, आणि म्हैस बाजाराकडे न जाता मागे वळून घरी आली. शेवटची ओळ दोघांनी वाचली. तिच्यामागून अडखळत येणारा थोरल्याचा आवाज मी ओळखला; मला तो दिसत नव्हता, म्हणूनच बसला असावा. कोपऱ्यात बॅटरीचा आकडा दहा टक्क्यांवर आला होता.

नवा लॅपटॉप येईल तेव्हा येवो. रुमाल आता शिलाई मशीनवर घातला आहे. जुना लॅपटॉप पाटावर आहे, चिकटपट्टी सॉकेटवर आहे. कॅमेरा बंद ठेवला तर बॅटरी त्रेचाळीस मिनिटं टिकते, आणि रविवारचा धडा अजून सुरू आहे.